बेचाळीस फूट सुतळी

वरची खोली भाड्यानं देण्याआधी आमच्या घरमालकांनी मला काट्यावर उभं केलं होतं. पोती तोलायचा एक जुना लोखंडी काटा त्यांच्या ओसरीत कायमचा मांडलेला असे. "वजन किती तुमचं?" त्यांनी आधी विचारलं. मी म्हणालो, "बासष्ट." मग म्हणाले, "चढा." काटा सहासष्टावर जाऊन थांबला. त्यांनी आकड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "चार किलो लपवता तुमी," म्हणाले. "एवढं चालतंय. सामान आणा."

तेव्हा मला ते गमतीचं वाटलं होतं. पुढं नऊ वर्षं त्या घरात काढली आणि या एका माणसापायी कपाळावर जेवढा हात मारून घेतला तेवढा ऑफिसातल्या कुणापायी घेतला नसेल. मी मुळात कमी बोलणारा. बीडच्याच एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात हेडक्लार्क आहे. दिवसभर फायलीच बोलतात, मला बोलावं लागत नाही. आता जे लिहितोय ते बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. पोटात ठेवलेली गोष्ट हळूहळू जिरते असा माझा समज होता. ही जिरली नाही.

गल्लीत त्यांना सगळे साहेब म्हणत. वजनमापे खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. नेकनूर, चौसाळा, परळी, जिथं बाजार भरेल तिथं जायचं, दुकानदारांचे काटे आणि वजनं तपासायची, बरोबर असतील तर वजनाच्या भोकात शिसं भरून त्यावर शिक्का ठोकायचा. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण हात थांबला नव्हता. दूधवाल्याला ते फेस बसेपर्यंत दारात उभं करत. तो बिचारा म्हणायचा, "साहेब, तुमच्या एका दारात थांबतो तेवढ्यात माझी अर्धी गल्ली होऊन जाती." साहेब म्हणायचे, "मग आदी सगळी गल्ली कर, माझ्याकडं शेवटी ये. फेस तवर बसंल." एकदा आमच्या हिनं खालून वाटीभर साखर आणली आणि दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिली. पाच मिनिटांत साहेब जिना चढून वर. हातात चमचाभर साखर. "देताना वाटी सपाट होती," म्हणाले. "तुमी शीग लावून दिली. शीग तुमची."

साहेबांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या भावाचं चौसाळ्याला किराणा दुकान. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा साहेब तिथं तपासणीला गेले आणि मेहुण्याचं एक किलोचं वजन हलकं निघालं म्हणून जप्त करून आणलं. मेहुणा मागं मागं एसटी स्टँडपर्यंत आला होता. "दाजी, घरातलंच हाय की."

"म्हणून तर पयलं तुझं तपासलं."

पुढं दोन वर्षं काकूंना माहेरहून दिवाळीचं बोलावणं नाही. काकू ही हकिकत येईल त्याला हसून हसून सांगायच्या, आणि प्रत्येक वेळी ते वजन आणखी थोडं हलकं झालेलं असायचं. साहेब कोपऱ्यातून दुरुस्त करायचे, "चाळीस ग्रॅम. चाळीसच ग्रॅम कमी होतं." काकू म्हणायच्या, "गप बसा."

काकूंचं बोलणं हा त्या घराचा दुसरा पंखा होता. स्वयंपाकघरातून त्या फाटकाशी उभ्या असलेल्या भाजीवालीशी बोलत, चुलीवरच्या आमटीशी बोलत, रेडिओतल्या बाईला मधेच उत्तर देत. त्यामुळं त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली तेव्हा घरात पहिली गोष्ट काय जाणवली असेल तर ती शांतता. वाचा गेली होती. समजत सगळं होतं. डोळे तसेच, खट्याळ. तोंडातून मात्र एक लांब 'आ' यायचा आणि तो काय मागतोय हे कुणाला कळत नसे.

काकूंची खाट मागच्या खोलीत. साहेबांनी उशाशी एक पितळी घंटी आणून ठेवली. काकूंनी ती डाव्या हातानं उचलून खाली टाकली. पुन्हा ठेवली, पुन्हा टाकली. मला वाटलं, त्यांना धरता येत नसेल. साहेब म्हणाले, "धरता येतंय. घंटीनं शिपाई येतो, नवरा न्हाई, असं म्हणायलीय ती." नवराबायकोत एवढं बोलणं घंटी टाकण्यातून झालं होतं, मला ते दिसलंही नव्हतं.

व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीनं मग टॅबचं काढलं. त्यात चित्रं असतात, चहाचं, पाण्याचं, पंख्याचं. चित्रावर बोट ठेवलं की टॅब तो शब्द मोठ्यानं बोलतो. काकूंना अक्षरओळख बेताचीच, त्यांना हे जमेल. "कोणताही चांगला टॅब घ्या, काका," ती म्हणाली. तिथंच चूक झाली. 'कोणताही' हा शब्द त्या घरात वापरायचा नव्हता.

मी समजलो, एका संध्याकाळचं काम. पाच महिने लागले.

पहिल्याच दुकानात पोरानं विचारलं, "बजेट किती, काका?"

"ते ऱ्हाऊ द्या. हिला उजवा हात न्हाई, बोलता येत न्हाई, दिवसभर पडून असती. आता दाखवा."

पोरानं कॅमेरा दाखवला, गाण्यांचा आवाज दाखवला, एक मोटारींची शर्यत दाखवली. साहेबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून स्वतःचा उजवा हात कमरेला बांधून घेतला. गाठ मला मारायला लावली. मग दुकानातल्या बाकड्यावर उताणे झोपले आणि म्हणाले, "द्या आता." गिऱ्हाइकं जमली. मी रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो. साहेबांनी डाव्या हातात टॅब धरला, त्याच हाताच्या अंगठ्यानं चित्र दाबायचा प्रयत्न केला, टॅब नाकावर आपटला. "जड हाय," म्हणाले. उठून पिशवीतून आपला छोटा काटा काढला आणि टॅब तोलला. खोक्यावर लिहिलेलं वजन बरोबर होतं, पण ते कव्हर न घालता. "कव्हर काढून वापरणार हाय का कुणी? मग हे वजन कुणाला सांगायलेत?"

दुकानदार गल्ल्यावरून म्हणाला, "काका, टॅब घ्यायलात का म्हैस?"

"म्हैस घेतली असती तर दूध काढून बघितलंच असतं की."

बीडमधली सगळी दुकानं झाली. मोठा टॅब एका हातात राहीना. लहान घेतला तर चित्रं इतकी चिकटून की बोट एकावर ठेवलं की दुसरंच बोले. एकाची कड इतकी बारीक होती की धरलेल्या हाताचा तळवाच काहीतरी दाबून जाई. एक सगळ्यांत पसंत पडला होता. साहेबांनी दुकानाचं नेट बंद करायला लावलं आणि तो मुका झाला. दुकानदार म्हणाला, "नेट कुठं नसतंय आजकाल?"

"आमच्यात लाइट गेली की नेट जातंय. तवर तिनं तहान पुढं ढकलायची का?"

पुण्याहून साहेबांच्या मुलानं सरळ एक महागातला टॅब पाठवून दिला. साहेबांनी दोन दिवस तपासून तो परत पाठवला, सोबत अडीच पानांचं कारण. मुलगा मला फोन करून म्हणाला, "काका, तुम्हीच काहीतरी सांगा हो यांना." दर वेळी आम्ही रिकाम्या हातानं घरी आलो की काकू आमच्या तोंडाकडं बघत नसत, हातांकडं बघत. मग साहेब त्यांना पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रं दाखवून सराव करून घेत. टॅबच्याच मापाचा पुठ्ठा कापला होता, चित्रं वर्तमानपत्रातली. काकू बोट ठेवायच्या, साहेब मोठ्यानं शब्द म्हणायचे. पण त्यासाठी साहेब समोर असावे लागत. पुठ्ठा हाक मारू शकत नव्हता.

आमची ही चिडायची. "त्या बाईचा जीव दाराकडं लागलेला असतो आणि हे ग्रॅम मोजतायत. तुम्ही खडसावून का बोलत नाही?"

एकदा बोललो. ओसरीत उभं राहून, माझ्या मानानं पुष्कळच चढ्या आवाजात म्हणालो, "साहेब, उगाच कशाला ताणायलात? आहे त्यातला बरा घ्या. थोडं कमीजास्त चालतं."

ते चिडले नाहीत. माझा हात धरून मला फाटकाजवळ नेलं, म्हणजे काकूंना ऐकू जाऊ नये. "मी वळखतो तिला," म्हणाले. "एक डाव हाक मारंल. कुणी आलं न्हाई तर दुसऱ्यांदा त्याला हात लावणार न्हाई. घंटीचं बघितलं ना तुमी? मला एकच डाव हाय."

हे मला सांगितलेलं होतं. स्पष्ट सांगितलेलं होतं. मला ठाऊक नव्हतं असं मी कुठंही म्हणू शकत नाही.

मग मला ऑफिसच्या कामानं संभाजीनगरला जायचं निघालं. तिथल्या मोठ्या दुकानात हवा तसा टॅब आहे असं साहेबांनी फोनवर तासभर बोलून नक्की केलं होतं. काकूंना सोडून त्यांना जाता येत नव्हतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. "हेडक्लार्क, बसा." समोर हातानं आखलेला तक्ता ठेवला. दहा रकाने. डावा हात. आडवं पडून. कव्हरासकट वजन. नेट बंद. कोरडं बोट. अशी एकेक तपासणी, पुढं निकाल, पुढं सही. दहावी आवाजाची. काकूंच्या खाटेपासून फाटकापर्यंतचं अंतर त्यांनी मोजलं होतं आणि तेवढी सुतळी कापून तिचं भेंडोळं केलं होतं. बेचाळीस फूट.

"दुकानात कूलर इकत्यात," म्हणाले. "एक चालू करायला लावा. टॅब त्याच्यापाशी ठेवा. सुतळी सोडत सोडत लांब जा, ती संपली की पाठ करून उभं ऱ्हावा. कुणालातरी 'पाणी' दाबायला सांगा. तीनदा. तिन्ही डाव ऐकू आलं तरच सही." मग म्हणाले, "सही म्हंजे काय, हात लावलेला असला पाहिजे. मी कुणाच्या सांगण्यावर कधी शिक्का मारला न्हाई. ह्ये तुमच्यावर सोडायलोय."

दुकान काचेचं होतं, आत थंडगार. माझ्याबरोबर आमच्या ऑफिसातला एकजण होता. डाव्या हातानं टॅब धरून झालं, नेट बंद करून झालं. मी खिशातून साहेबांचा छोटा काटा काढून टॅब तोलला तेव्हा ऑफिसवाला म्हणाला, "भाजी घ्यायला आलाव का आपण?" दोन विक्रेत्या मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. नऊ तपासण्या मी केल्या. आडवा पडलो नाही, खुर्चीत रेलून बसलो, पण केल्या. मग आवाजाची. मी तिथल्याच एका विक्रेत्या पोराला अर्धवट सांगितलं, कूलर वगैरे. तो पोरगा भला होता. म्हणाला, "करू ना सर, काय हरकत नाही. कूलर तिकडं आहेत, चालू करतो." हे मुद्दाम लिहितोय. दुकानानं अडवलं नव्हतं. कुणीच अडवलं नव्हतं. माझा हात पिशवीतल्या सुतळीवर गेला आणि मला ते सगळं दिसलं, त्या चकचकीत फरशीवरून मी सुतळी सोडत चाललोय, गिऱ्हाइकं पाय उचलून वाट देतायत, मी भिंतीकडं तोंड करून उभा आहे आणि मागं मुली हसतायत. मी म्हणालो, "राहू द्या. आवाज चांगलाच दिसतोय. बांधून द्या."

ऑफिसवाला म्हणाला, "चला, गाडी जाईल." गाडीला पाऊण तास होता.

स्टँडवर चहा घेताना मी दहावा रकाना भरला. 'बेचाळीस फुटांवर, कूलर चालू असताना, तिन्ही वेळा स्पष्ट.' खाली सही. आणि मग जे केलं ते सहीपेक्षा वाईट. भेंडोळं साहेबांनी बांधलं होतं तसंच होतं. ते उलगडलेलं दिसलं पाहिजे म्हणून मी बसमधे मांडीवर सगळी सुतळी सोडली आणि माझ्या हातानं पुन्हा गुंडाळली. गेवराईपर्यंत मला तेवढंच काम होतं.

घरी साहेबांनी तक्ता ओळीनं वाचला. शेवटच्या रकान्याशी थांबले. "पाठ करून ऐकलं?"

"हो."

"तुमी स्वतः?"

"हो, साहेब."

त्यांनी तक्त्याची घडी घालून खिशात ठेवली. एवढंच.

शब्द आमच्या हिच्या आवाजात भरले. मशीनची बाई परकी वाटते असं साहेबांचं म्हणणं. 'पाणी द्या', 'चहा करा', 'पंखा कमी करा', 'बाथरूमला जायचंय', 'जवळ बसा'. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे मागच्या खोलीत जमलो. साहेब काकूंना समजावत होते, हे चित्र कशाचं, ते कशाचं, हळू दाबायचं, दाबून धरायचं नाही, बोट पुसून घ्यायचं. काकूंचं बोट पाण्यावरून फिरलं, चहावरून फिरलं, खाली कोपऱ्यात गेलं. टॅब आमच्या हिच्या आवाजात म्हणाला, "गप बसा."

ते चित्र साहेबांनीच गुपचूप घालून घेतलं होतं. "तिचा जुना शब्द हाय," म्हणाले. काकू हसल्या, अर्ध्याच चेहऱ्यानं, पण पूर्ण हसल्या. साहेब खरंच गप बसले. मी त्यांना पहिल्यांदाच रुमाल शोधताना पाहिलं. मला वाटलं, बघा, काय अडलं एका रकान्यावाचून.

अठरा दिवस काकू बोलल्या. चहा गोड असला तरी पुन्हा 'चहा करा' म्हणायच्या. साहेब वर्तमानपत्र उघडून बसले की 'जवळ बसा'. दिवसातून वीसदा 'गप बसा'. साहेब घरातल्या घरात पळून पळून घामाघूम व्हायचे आणि वर येऊन आमच्या हिला म्हणायचे, "वयनी, तुमच्या आवाजानं लई छळ मांडलाय." इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तो महिन्यातला दुसरा शनिवार होता, मला सुटी. ऊन मरणाचं, मागच्या खोलीत कूलर गरगरत होता. आमची ही बाजारात गेली होती. गॅसवाला सिलिंडर घेऊन फाटकाशी आला आणि साहेबांनी मला हाक मारली. लोखंडी काटा उचलून फाटकापाशी न्यायचा होता, एकट्याला झेपत नसे. नेला. सिलिंडर चढवला. अर्धा किलो कमी भरला. गॅसवाला म्हणाला, "साहेब, ऊन लई हाय, दुसरा देतो उद्या." साहेब म्हणाले, "उद्या न्हाई, गाडीतला दुसरा आण, तो बी तोलतो." गाडी गल्लीच्या टोकाला. त्यानं कुरकुरत दुसरा आणला. तोही कमी. तिसरा. मी चरफडत काट्याशेजारी उभा, मनात या माणसाला शिव्या घालत. अर्धा तास तरी गेला असेल. आम्ही दोघं फाटकात उभे होतो. खाटेपासून बेचाळीस फुटांवर.

सिलिंडर घेऊन ओसरीत आलो तेव्हा मला माझ्या बायकोचा आवाज ऐकू आला. ती घरात नव्हती. "बाथरूमला जायचंय," आवाज म्हणत होता. थांबून पुन्हा. "बाथरूमला जायचंय." कूलरच्या घरघरीत ओसरीपर्यंत जेमतेम येत होता.

साहेब धावले. मीही दारापर्यंत गेलो. काकूंचं बोट अजून चित्रावर होतं. उपयोग उरलेला नव्हता, साडी आणि गादी दोन्ही भिजली होती. ज्या बाईनं पन्नास वर्षं आंघोळीआधी कुणाला चहासुद्धा दिला नाही, ती बाई. त्यांनी साहेबांकडं पाहिलं. एकदाच, आणि बराच वेळ. मग तोंड भिंतीकडं केलं. साहेबांनी मागं न बघता हातानं मला जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

काकूंनी टॅब पालथा घातला तो पालथाच. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी बीडभर फिरून एक छोटा स्पीकर आणून जोडला, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा. काकूंनी हात लावला नाही. साहेब हात जोडायचे, आमची ही समजवायची, व्यायामवाली मुलगी लाडीगोडी लावायची. नाही. आठ दिवसांनी त्यांनी उशाकडं बोट दाखवलं. घंटी हवी होती. त्यानंतर त्या घरात घंटीच वाजत राहिली, पुढं दीड वर्षानं काकू गेल्या तोवर.

त्या शनिवारी संध्याकाळी साहेब ओसरीत बसले होते. मी खाली उतरलो. तेव्हा सांगायचं ठरवून उतरलो होतो, हे खरं आहे, कुणी मानो न मानो. पण तेच आधी म्हणाले, "माझी चूक झाली. मी सोता बघाया पायजे होतं."

आणि मी म्हणालो, "असू द्या, साहेब. तुम्ही काय कमी केलं."

नंतर आम्ही बार्शी नाक्याकडं स्वतःच्या घरात राहायला गेलो. मला कुणी टॅब कोणता घ्यावा असं विचारलं, आणि ऑफिसात हल्ली सगळेच विचारतात, की मी पहिल्यांदा विचारतो, कुणासाठी, कोणत्या हातानं, कुठं बसून, नेट गेलं तर काय. लोक म्हणतात, तुम्हाला यातलं बरंच कळतं. मी मान हलवतो. कळतं ते कुणाकडून आणि कशापायी, ते सांगत नाही.

गेल्या महिन्यात गेलो. सांगायलाच गेलो. साहेब आता ऐंशीच्या घरात, एकटे असतात. ओसरीत सुपात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. काटा नव्हता, भंगारात दिला म्हणाले. मी बसलो आणि दुसरं काही बोलायच्या आत बोलून टाकलं. "साहेब, संभाजीनगरला आवाजाची तपासणी मी केली नव्हती. रकाना स्टँडवर बसून भरला."

त्यांचा हात थांबला नाही. "ठावं हाय."

"कधीपासून?"

"टॅब आला त्याच्या तिसऱ्या दिशी सकाळी. तुमी हापिसला गेलतात. तिच्यापाशी टॅब ठिवला, कूलर लावला, म्हणलं मी फाटकात जातो, तू दाब. गेलो. उभा ऱ्हायलो. काईच ऐकू आलं न्हाई." त्यांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "कूलर तेवढा ऐकू येत होता."

"मग परत का नाही केलात?"

"केला असता की. अजून दोन महिने गेले असते. ती नुकतीच बोलाया लागलती. म्हणलं, मी कुठं जातो, घरातच तर असतो."

मी म्हणालो, "तरी चूक माझीच. सही माझी होती."

"तुमची तुमच्यापाशी," ते म्हणाले. "आत आलो तर तिनं हातानं इचारलं, आलं का ऐकू. मी म्हणलं, लख्ख आलं. फाटकापातुर लख्ख."

मला लगेच कळलं नाही. त्यांनी सूप बाजूला सरकवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"त्या शनिवारी तुमी खरं बोलला असतात तर मला बी बोलता आलं असतं. ती असताना. आता तिला कोण सांगणार, मला ऐकूच आलं न्हाई म्हणून. ती गेली ती हेच घिऊन गेली, की मी फाटकात उभा होतो, मला ऐकू येत होतं, आन् मी आलो न्हाई."